वाढत्या मापाचा गॉगल

पोलादपूरच्या बाजारात माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं त्याला माझा स्वभाव जबाबदार आहे असं घरचे म्हणतात. मी आपलं दुकानावर ढकलतो.

वीस-बावीस वर्षं मी दिवसातून निदान दहा वेळा एकच वाक्य बोलत आलोय, "ताई, वाढतं माप घ्या." जूनमध्ये डोंगरातल्या वाडीवरून एखादी बाई पोराला बखोटीला धरून येते. मी शर्ट त्याच्या खांद्याला लावतो. बाही बोटांच्या पुढे लोंबायला लागली की दोन पावलं मागे सरून म्हणतो, "एकदम बरोबर!" पँट कमरेला मूठभर सैल असली की "पट्टा लावा, झालं." माझ्याकडचा गणवेश पोराला पहिल्या वर्षी घोंगडीसारखा होतो, दुसऱ्या वर्षी जरा माणसासारखा दिसतो आणि तिसऱ्या वर्षी अगदी मापात बसतो, तेव्हा तो विटलेला असतो. मुंबईला कामाला असलेले बाप गणपतीला गावी येतात आणि पोराकडे बघून बायकोला विचारतात, "ह्याने माझा शर्ट का घातलाय गो?"

घरीही हेच. मुलीचा बालवाडीतला रेनकोट तिला चौथीत नीट झाला. बुटांच्या टोकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ती शाळेत जायची. तिच्या बुटांत बातम्या तिच्या पायांपेक्षा जास्त होत्या. जन्मल्यापासून तिच्या मापाची एकच गोष्ट तिला मिळाली, ती म्हणजे तिचं नाव. आणि तेसुद्धा तिच्या आत्याच्या मते जरा मोठंच आहे.

तर ही मुलगी आता आठवीत. महाडला, एमआयडीसीच्या बाजूला, एका हॉटेलवाल्याने पाहुण्यांसाठी तलाव बांधलाय. पाहुणे नऊच्या आधी उठत नाहीत, म्हणून सकाळचे दोन तास तिथे मुलांचा पोहण्याचा क्लब चालतो. शिकवायला एक तरुण मॅडम आहेत, स्वतः स्पर्धांमधून पोहलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला "काका" म्हटलं. आमचं बिनसलं ते तिथेच.

मुलगी पोहायला लागली ती क्लबात नव्हे. तळीयेवर डोंगर आला आणि महाडात पाणी चढलं त्या जुलैनंतर आमच्या भागात मुलांना पोहायला शिकवणं हे लस टोचण्यासारखं झालं. कुणी विचारत बसत नाही, टोचून टाकतात. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. पुढच्या उन्हाळ्यात मी स्वतः तिला सावित्री नदीच्या डोहात उतरवलं. पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधला, मला माझ्या काकाने बांधला होता तसाच. शिकवणही काकाचीच, दोन शब्दांची: तोंड वर. हात कसेही मारा, पाय कसेही झाडा, पण तोंड वर. मी काठावर उभा राहून सबंध मे महिना "तोंड वर! तोंड वर!" असं ओरडत होतो. पलीकडे धुणं धुणाऱ्या बायकासुद्धा शेवटी माना ताठ करून धुवायला लागल्या.

शिकवण कामी आली. मुलगी पोहायला लागली. म्हैस नदी पार करते ना, तशी: पाणी खाली, मान वर, चेहऱ्यावर कुणाशी काही देणंघेणं नसल्याचा भाव. मला तर त्यात डौल दिसायचा.

मॅडमनी तिला एक फेरी मारायला लावली आणि विचारलं, "काका, हिला शिकवलं कुणी?"

"मीच," मी छाती काढून म्हणालो.

"हं," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे आधी ते विसरायला लावावं लागेल."

विसरण्याची मुदतही लगेच ठरली. तीन आठवड्यांनी चाचणी होती: क्लबकडून जिल्ह्याच्या स्पर्धेला चार मुली पाठवायच्या होत्या आणि मुली होत्या पाच. अट साधी: तलावाच्या दोन लांब्या, एक जायची आणि एक यायची, तोंड पाण्यात घालून. श्वास घ्यायचा तो मान बाजूला वळवून. मध्ये उभं राहिलं की बाद, मान वर काढून पोहलं तरी बाद.

मुलीला त्या चौघींत जायचंच होतं. हे तिने मला सांगितलं नाही, मी न्हाणीघराच्या दाराबाहेरून ऐकलं. आत ती बादलीत तोंड बुडवून बसायची आणि बायको आकडे मोजायची. अठरापर्यंत जायची, फुर्रकन वर यायची, पुन्हा बुडवायची. बादलीत जमायचं. तलावात मात्र डोळे गच्च मिटून घ्यायची, वाकडी जायची, काठाला डोकं आपटायची आणि मान वर. मॅडम म्हणाल्या, "डोळे उघडे राहिले की भीती निम्मी होईल. गॉगल नीट बसला पाहिजे, बस्स."

त्याच दिवशी क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सामानाची यादी आली: डोक्याला रबरी टोपी, गॉगल, हातात धरून पाय मारायची फोमची फळी, पायात घालायचे रबरी पंख आणि हे सगळं न्यायला जाळीची पिशवी. खाली मॅडमनी लिहिलं होतं, "उद्या सगळ्यांची मापं घेते आणि एकत्र मागवते."

मी उत्तर टाकलं, "आमचं आम्ही आणू. कपड्यातलेच लोक आहोत." पुढे हात जोडलेल्याचं चित्र टाकलं. नम्रता माझ्यात पहिल्यापासून आहे.

बायको म्हणाली, "अहो, पोहायच्या चष्म्याचा आणि कपड्याचा संबंध काय?"

"माप म्हणजे माप," मी म्हणालो. यावर तिने भाकरी जरा जोरात थापली.

महाडला चवदार तळ्यावरून आत वळलं की एका गल्लीत खेळाच्या सामानाचं दुकान आहे. मालक साठीच्या पुढचे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. अर्धं आयुष्य आखातात काढलेलं. तिथे एका मोठ्या हॉटेलच्या तलावावर कामाला होते, त्यामुळे आमच्या भागातल्या इतर सगळ्यांपेक्षा त्यांनी माणसं पोहताना जास्त पाहिली होती. हे मला माहीत होतं. पण एका दुकानदाराने दुसऱ्या दुकानदाराचं ऐकायचं म्हणजे मग गल्ल्यावर बसायचं कशाला?

"शेठ, पोर कुठं हाय?" चाचांनी विचारलं.

"शाळेत."

"मंग माप?"

"माप माझ्या डोळ्यात असतं चाचा. बावीस वर्षं हेच करतोय."

"वय किती?"

"तेरा. पण मोठ्यांचाच द्या. वाढतं अंग आहे."

चाचांनी गॉगल हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा गॉगलकडे बघितलं. "अंग वाढतंय, कबूल. पन डोळ्याची खोबण किती वाढंल? एका वरसात बैलाएवढे डोळे होनार हायत काय?"

"तुम्ही द्या हो."

"शेठ, ह्यो गॉगल हाय, पँट नाय. खालून दुमडून शिवता येनार नाय."

मी हसलो. धंद्यातला माणूस गिऱ्हाइकाला लहान माप गळ्यात मारतो म्हणजे पुढच्या वर्षी ते पुन्हा दारात यावं, हे काय मला कळत नाही? पंखही तिच्या पायापेक्षा दोन नंबर मोठे घेतले. टोपीला मापच नसतं, रबर आहे, ताणतं, असं चाचा तीन वेळा म्हणाले. तरी मी सगळ्यात मोठी दिसणारी निवडली. फळी तर अशी घेतली की दुकानाच्या दारातून आडवी बाहेर निघेना.

"ह्याच्यावर बसून दोघं नवराबायको गांधारी नदी पार कराल," चाचा म्हणाले. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

स्कूटरवर ती फळी पाठीला बांधून पोलादपूरला येताना हायवेवर वारा सुटला आणि फळीचं शीड झालं. मी गाडी चालवत होतो की फळी मला चालवत होती ते शेवटपर्यंत समजलं नाही. बाजारात शिरलो तर पानवाल्याने हाक मारली, "काय शेठ, आत्तापास्नं होडी? पावसाला अजून दोन महिने हायत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने ते सगळं अंगावर चढवलं. तिने काठ सोडला, पायाचा पहिला झटका मारला, आणि ती पुढे गेली, पंख जागेवर राहिले. दोन्ही पंख पाण्यावर शेजारी शेजारी शांतपणे तरंगत होते. टोपीत पाणी शिरून तिचा कुंडीएवढा फुगा झाला. गॉगलचं तर विचारू नका. तोंड पाण्यात घातल्याबरोबर दोन्ही काचा आतून भरल्या आणि माझी मुलगी डोळ्यांवर दोन छोटे हौद घेऊन वर आली. मान अर्थातच वर. तोंड वर.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी हॉटेलच्या रंगीत छत्रीकडे बघायला लागलो. छत्री खरोखर बघण्यासारखी होती.

"काका, हे सगळं मोठं झालंय."

"वाढेल ती."

"तीन आठवड्यांत?"

मी तरंगणारे दोन्ही पंख पाण्यातून काढून झटकायला लागलो.

पण हार मानेन तर मी गणवेशवाला कसला? पंखांत शाळेचे दोन-दोन मोजे घालायला लावले आणि ते चक्क बसले. त्या एका यशावर मी घरात दोन दिवस मोठ्याने बोलत होतो. मग गॉगल हातात घेतला. स्कर्टच्या कमरेला लावतो ते इलॅस्टिक पट्ट्याला शिवून तो आवळला. मुलीच्या डोळ्यांभोवती दोन लाल कड्या उमटल्या, त्या दुपारपर्यंत जाईनात. वर्गात मैत्रिणी तिला घुबड म्हणायला लागल्या. पाणी मात्र इलॅस्टिकला न जुमानता आत येतच होतं, कारण काचेची कड तिच्या खोबणीच्या बाहेर गालावर टेकत होती. आवळून आवळून गालाचं डोळ्यात रूपांतर होत नाही, हे मला तिसऱ्या इलॅस्टिकला कळलं.

दरम्यान मॅडमनी मागवलेलं सामान आलं. बाकीच्या चौघी आपापल्या मापाचे गॉगल लावून सरळ रेषेत जायला लागल्या. चाचणीला चार दिवस उरले असताना त्यातल्या एका मुलीने आपला गॉगल काढून माझ्या मुलीला दिला. "लावून बघ गो."

मुलगी निघाली. तोंड पाण्यात. मी मनात मोजायला लागलो, बायको मोजते तसं. अठरा झाले, वीस झाले. मान बाजूला वळली, श्वास घेतला, पुन्हा आत. पलीकडच्या भिंतीला हात लागला तेव्हाच ती वर आली. एक अख्खी लांबी. वर येऊन तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, मॅडमकडे बघितलं.

मॅडम माझ्याजवळ आल्या. "गॉगल बदला काका. एवढंच राहिलंय." चाचणीला सगळ्या एकदम सुटणार, म्हणजे तो गॉगल त्या दिवशी त्याच्या मालकिणीच्या डोळ्यावर असणार, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

परतताना हायवेला मुलगी मागे बसली होती. चढाला गाडीचा वेग कमी झाला तेव्हा म्हणाली, "पप्पा, मला आत्ताचं माप कधी घेणार?"

"आत्ताचं म्हणजे?"

"म्हणजे मी आत्ता आहे ना, तेवढं."

मी समोरच्या ट्रकवाल्याला शिव्या दिल्या. त्याने काही केलं नव्हतं.

आता शहाणा माणूस त्याच दुपारी चाचांकडे गेला असता. मी तीन दिवस घेतले. त्यातले दोन दिवस तर मी महाडला जाऊन त्यांच्या गल्लीतून गेलोही. एकदा नुसता गेलो, एकदा हॉर्न वाजवून गेलो. तिसऱ्या दिवशी, म्हणजे चाचणीच्या आदल्या दुपारी, गॉगल वर्तमानपत्रात गुंडाळून काउंटरवर ठेवला.

"बदलून पाहिजे," मी खालच्या आवाजात म्हणालो.

"तुमच्या दुकानात तर पाटी हाय म्हनं," चाचा म्हणाले. "काय लिवलंय त्याच्यावर?"

पाटी आहे. लाल रंगात आहे. अक्षरं मी स्वतः उभं राहून मोठी काढून घेतली होती. पण चाचांनी विचारलं आणि तिथे उभं राहून मला ती म्हणून दाखवावी लागली: "विकलेला माल बदलून मिळणार नाही."

"झकास," चाचा म्हणाले. "आपल्याकडं पाटी नाय. पन पोर बघितल्याबिगर आता गॉगल देनार नाय."

"चाचा, उद्या सातला चाचणी आहे. ती आत्ता शाळेत आहे, पोलादपुरात. कधी आणू?"

"मंग सकाळी सहाला आन. नमाज पढून मी सरळ हितंच येतो."

सहाला गल्लीत चिटपाखरू नव्हतं. चाचांनी शटर अर्धं वर केलं, आम्ही वाकून आत गेलो. त्यांनी मुलीला स्टुलावर बसवलं. "बेटा, पट्टा लावायचा नाय. नुसता डोळ्यावर दाब आनि हात सोड. चिकटून ऱ्हायला तर तुजा, पडला तर पप्पांचा."

पहिला सरळ माझ्या ओंजळीत पडला. दुसरा पडला. तिसरा जरा विचार करून पडला. चौथा तिने दाबला, हात सोडला, आणि तो राहिला. तिने मान खाली घातली. तरी राहिला.

मी खोका उचलून बघितला. त्यावर एक हसणारा मासा होता आणि बाजूला छापलं होतं: वय सहा ते दहा.

"चाचा, ती तेरा वर्षांची आहे!"

"माशाला सांगू नका," चाचा म्हणाले.

"पप्पा, हाच," मुलगी म्हणाली.

"पण पुढच्या वर्षी..." मी सुरुवात केली. मग दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य माझ्या तोंडात अर्धं राहिलं. मुलीसाठी मी एक माप खाली उतरून वस्तू घेतली. ही बातमी पोलादपुरात फुटली तर माझं दुकान चालायचं नाही.

सातला पाचही मुली काठावर उभ्या राहिल्या. पाच बापही उभे होते, प्रत्येकाच्या खांद्यावर टॉवेल, जणू उडी आम्हीच मारणार होतो. शिट्टी झाली.

मुलगी तोंड खाली घालून निघाली. नदीत मला तिचं तोंड कायम दिसायचं. आज पाण्यावर फक्त एक टोपी होती, आणि हे चांगलं लक्षण आहे असं मला सांगण्यात आलं होतं. निम्म्यात ती जरा डावीकडे गेली. मला वाटलं, भरलं काचेत पाणी. आता येणार वर. माझं तोंड आपोआप उघडलं, "तोंड व..."

"काका, गप्प," मॅडम पाण्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

मी टॉवेलचं टोक दातांत धरलं. खाली, तळावरच्या निळ्या रेघेकडे, तिने बघितलं असावं, कारण ती पुन्हा सरळ झाली. भिंतीला हात लावला, वळली. परत येताना शेजारच्या रांगेतली मुलगी मध्येच उभी राहिली आणि खोकायला लागली. तिचे वडील हॉटेलच्या छत्रीकडे बघायला लागले. ती छत्री मला ठाऊक होती. मी नजर काढून घेतली.

गॉगल उसना देणारी पहिली आली. दुसरी आली, तिसरी आली. तिसरीचं अंग पुसून झालं तरी माझी मुलगी यायचीच होती. हात जड झाले होते, पाय पाण्यात नुसतेच लोळत होते. दोनदा वाटलं की आता थांबते. पण तोंड आत. मान वळवायची, घोटभर हवा घ्यायची, पुन्हा आत. शेवटी काठावर हात आपटला आणि मग तोंड वर काढलं. काचा कोरड्या होत्या. आतून तिचे डोळे लख्ख दिसत होते, आणि या वेळी ते माझ्याकडे बघत होते.

"चौथी," मॅडमनी वहीत लिहिलं.

"मी म्हटलंच होतं," मी आजूबाजूला सांगितलं. कुणी ऐकलं नाही. मुलगी तर केव्हाच त्या खोकणाऱ्या पोरीजवळ जाऊन बसली होती.

आवराआवर झाल्यावर मॅडमनी मला बाजूला बोलावलं. "काका, चौघींना क्लबचे टी-शर्ट करायचेत. तुमच्याकडूनच घेऊ."

"उद्याच टेप घेऊन येतो!"

"नको," त्या पटकन म्हणाल्या. "मापं मीच घेऊन पाठवते. तुम्ही फक्त तेवढेच द्या. लिहिलेत तेवढेच."

मी मान डोलावली. गेल्या तीन आठवड्यांत मी पुष्कळ शिकलो होतो. तेवढ्यात मुलगी पिशवी खांद्याला लावून आली, डोळ्यांभोवती जेमतेम दिसणाऱ्या दोन रेघा.

"मॅडम, माझा एक माप मोठा लिहा," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"टी-शर्ट आहे पप्पा," तिने चाचांचा आवाज काढला, "गॉगल नाय."